सोमवार, सात नंबर

सोमवारी क्लब बंद.
गवताला सुट्टी, साहेबांना सुट्टी,
आणि सहा ते नऊ आम्हाला परवानगी.
नोटीस बोर्डावर तशी ओळ आहे, मराठीत,
'कॅडींनी शर्ट आत खोचावा' याच्या खाली.

माझ्याकडे एकच काठी आहे.
सात नंबरची, कुलूर बाईंची.
दातांच्या डॉक्टर. गुडघा गेला तेव्हा
बाकीचा सेट भाच्याला दिला
आणि ही मला. "तुला हिचा स्वभाव ठाऊक आहे," म्हणाल्या.
बायकांच्या मापाची. त्यामुळे मी
कुणाच्या पाया पडायला निघाल्यासारखा वाकतो.
मुरारी वैती हसतो. हसू दे.

अकरावं होल झाडांचं.
डावीकडे सुरू, उजवीकडे विलायती शिरीष,
वर फांद्या एकमेकींत शिरलेल्या,
आणि मधे जेवढं आकाश उरतं
तेवढ्यातून बॉल न्यायचा.
बावीस वर्षं सांगत आलो:
"माहुलच्या चिमणीवर धरा साहेब,
ज्योतीच्या जरा डावीकडे."
वारा असला की ज्योत झुकते, मग हिशोब बदलतो.
मी एकशे चाळीस म्हणालो की एकशे चाळीसच.
चुकलं तर माझा आकडा चुकला,
बसलं तर त्यांचा हात बसला.

आज सांगायला कोणी समोर नाही.
ज्योतीच्या डावीकडे धरलं.
काठी अजून खाली यायची होती
आणि नजर आधीच वर गेली,
ज्यासाठी इतक्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या
तीच चूक, तश्शीच.
शिरीषाच्या बुंध्यावर टक्क.
तांबट टुकटुकायचा थांबला.
मग त्याचं त्याचं पुन्हा चालू झालं.

दुसऱ्यांचे बॉल मला दिसतात.
पाचोळ्यात, चिखलात, करंजाच्या फुलांच्या सड्यात,
जिथे सगळंच पांढरं असतं तिथेसुद्धा.
नुसत्या आवाजावरून सांगतो.
माझाच सापडेना.

सापडला. दोन मुळांच्या बेचक्यात,
चिकट शेंगांमधे अर्धा रुतलेला,
झाडानेच घातलेल्या अंड्यासारखा.

खरं सांगतो, बुटाच्या टोकाला सवय असते.
साहेब अजून मागे, फोनवर,
तेवढ्यात एक हलका धक्का, बॉल गवतावर.
"नशीबवान आहात साहेब,"
आणि संध्याकाळी वर शंभर.
मी त्याला नोकरी म्हणत आलो.
मुरारी पाठमोरा, झाडाआड मोकळा होत होता.
बघायला फक्त एक मुंगूस.
दोन नंबर मोठ्या बुटात माझी बोटं उठली
आणि उठलेलीच राहिली.

वाकलो. बाईंची काठी, वाकावंच लागतं.
पहिल्यांदा मूळच लागलं, कोपरापर्यंत झिणझिण्या.
दुसऱ्यांदा माती, दातात.
तिसऱ्यांदा निघाला. आडवा, फार लांब नाही,
सावलीतून उन्हात, एवढंच.
मग आणखी एक बंकरमधे, एक बंकरमधल्या बंकरमधे.
ते राहू दे.

ग्रीनवर जानेवारीचं दव तसंच होतं.
अजून एकही पाऊल नाही.
पुटर कुठला, सात नंबरनेच ढकलला.
बॉलच्या मागे मागे एक गडद रेघ उमटत गेली
आणि भोकाजवळ उजवीकडे वळली.
तिथे उतार आहे.
हे मी सगळ्यांना सांगतो.

"किती?" मुरारीने विचारलं.
अजून एक ढकलून मी म्हटलं, नऊ.
"सहा सांग ना. सोमवारी कार्ड तरी कुठे असतं?"
खिशात रॉकेलच्या नव्हे, आता गॅसच्या
सिलिंडरची पावती होती.
तिच्या पाठीवर लिहिलं: अकरा, नऊ.
पेन मुरारीचंच घेतलं.

मागे वळून पाहिलं तर माळ्याने पाणी सोडलेलं,
रेघ पुसली जात होती, घाई न करता.
बाराव्याच्या टीवर कावळा बसला होता.
इथल्या कावळ्यांना बॉल आवडतात,
घरट्यात नेतात, उबवतात की काय कोण जाणे.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी माझा मुठीत धरला.